पासंग

रोटर आला तो ट्रेलरवर आडवा,
नऊ फुटांचा, ताडपत्रीत गुंडाळलेला,
मागोमाग हिलरी डाउस,
हातात एक लोखंडी पिन.
"ही गेली आत." एवढंच म्हणाली.

होल्बीचच्या बाहेर जमीन इतकी सपाट
की रस्ता वळतो तो केवळ कंटाळून.
तिथे पिंडरच्या शेडमध्ये अकरा वर्षं मी वेल्डिंग करतो.
त्याआधी कोल्हापूर, उद्यमनगर, पंपांचे पंखे.
आमचे मेस्त्री म्हणायचे,
थांबलेलं सगळंच सरळ दिसतं रे,
फिरवलं की बिंग फुटतं.

तीन पट्ट्या फाटलेल्या,
पुढचं पातं मुडपलेलं, कुणी कान पिळावा तसं.
बोल्ट तापवून सोडवले, नव्या पट्ट्या बसवल्या
आणि समोरच्या धडधाकट होत्या, त्याही काढल्या.
"त्यांना काय झालंय?"
काही नाही. चार सुगी झिजल्यात.
नवीसमोर जुनी हलकी पडते,
मग सबंध यंत्र थरथरतं.
"म्हणजे जोडीनंच बदलायचं," ती म्हणाली,
आणि दाराबाहेर बघत राहिली.

पीटरबरोला बॅलन्सिंगचं यंत्र आहे, पण रांग आठवड्याची.
पाऊस उद्या रात्रीचा.
म्हणून जुनी रीत:
दोन पोलादी पट्ट्या, पाणसळीत,
त्यांवर रोटर. ढकलायचा, सोडायचा, गप्प बसायचं.
तो लोळतो, मागे येतो,
जेवून पडलेल्या म्हाताऱ्यासारखा कूस बदलतो,
जड अंग खाली घेऊन निजतो.
तिथे खडूची रेघ.
बरोबर उलट बाजूला, वर, चुंबकाने वायसर.
एक. दोन. तिसरा जास्त होतो,
कानशीने घासायचा.
पिंडरबाईंचा केकचा काटा आणलाय,
खाचेत अजून पीठ.
एकशे बारा ग्रॅम.

चौघांना न उचलणाऱ्या या धुडापुढे
पासंगालाही पुरणार नाही, आपण सहज म्हणतो.
पण पासंग कधी मोठा असतो का?

हिलरी हत्यारांच्या पेटीवर बसून पिन फिरवते.
"टेडची आहे," अचानक.
"दोन वर्षांपूर्वी हरवली.
मीच कुठेतरी टाकली म्हणून
आख्खा दिवस डाफरत होता माझ्यावर.
आणि शेतातच पडलेली, बघ, त्याच्याच गव्हात."
हसते.
हसणं जरा लांबतं, मग त्याचा सूर बदलतो,
आणि मी वेल्डिंगची काच तोंडावर ओढतो,
जोडायचं काही शिल्लक नसताना.

पहाटे दोन.
खडू वर ठेवला, थांबला.
खाली ठेवला, थांबला.
"तू ढकल," मी म्हटलं.
तिनं ढकलला, हाताने अडवला,
अडवला तिथे राहिला.
ती पुन्हा ढकलते. पुन्हा.
मी मोजले नाहीत.

निघताना तिनं पिन काट्यावर ठेवून पाहिली.
सहाशे चाळीस.
"बरीच आहे की," म्हणाली,
खिशात टाकली,
आणि त्या बाजूला कललेला कोट घेऊन
अंगणातून गाडीपर्यंत चालत गेली.