गार असतानाच

तीनदा नेली गाडी बासिलियाच्या गॅरेजात,
तीनदा गाडी शहाण्यासारखी वागली.
पाहुण्यांपुढे द्वाड पोर
एकदम पाढे म्हणू लागतं, तशी.

"सकाळी बघ ना," इलारिओन म्हणाला,
"ॲक्सिलरेटर दाबला की आधी खोकते,
मग गचका, मग मागच्यांचे हॉर्न.
सेहाच्या चढावर तर
आतल्या बायका माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतात.
दहा मिनिटांनी लोण्यासारखी.
पण तोवर मी तुझ्या दारात."

बासिलियानं हात पुसले.
"मग मलाच तिच्या दारात यायला हवं.
रात्रभर हात लावू नकोस.
चावीसुद्धा नाही."

जून. एल आल्तो. पहाटेचे साडेचार.
चार हजार मीटरवरची हवा मुळातच चिक्कू,
त्यात बोनेटवर हिमाचा कडक पापुद्रा.
ती आली कानटोपीवर शाल गुंडाळून,
स्कॅनर पोटाशी, तान्ह्या बाळासारखा,
कारण गारठ्यात त्याचाही पडदा आंधळा होतो.

प्लग तिनं आधीच पाहिले होते. फिल्टर नवा.
"चावी फिरव. सुरू नको करूस. नुसते दिवे."

पडद्यावर आकडा उमटला.
इंजिनाचं तापमान: ब्याऐंशी.

तिनं हातमोजा काढला,
तळवा इंजिनावर टेकवला
आणि झटकन मागे घेतला. कातडी चिकटत होती.
पुन्हा पडदा. ब्याऐंशी.
हलत नाही, डुलत नाही,
शपथेवर सांगितल्यासारखं.

"हिचा मेंदू भाबडा," ती म्हणाली.
"कळवलं जाईल ते खरं मानतो.
तापलेय म्हटलं की पेट्रोल मोजूनमापून देतो.
आणि ही बिचारी कुडकुडत, अर्धपोटी, चढ चढते."

वायर धरून तिची बोटं खाली उतरली.
सेन्सर जागेवर होता, पण त्याच्याशी कुणाचाच संबंध नव्हता.
वायरच्या टोकाला, काळ्या चिकटपट्टीत,
तांदळाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर.

"हे कुणाचं काम?"

इलारिओन पट्टीकडेच बघत राहिला.
टोक दातांनी तोडलेलं होतं.
"वेन्सेसलाओ. धाकटा.
जानेवारीत, युंगासच्या घाटात सेन्सर मेला.
तिथे कुठला मिळणार?
त्यानं जुना रेडिओ फोडला, म्हणाला,
घरी तर पोचू."
"मग?"
"पोचलो. विसरलो. तो गेला कालामाला, खाणीत."

नवा सेन्सर बसला. आकडा: उणे चार.
इंजिन पहिल्याच फटक्यात उठलं, जरा मोठ्यानं गुरगुरलं,
भुकेलं माणूस ताटावर बसताना गुरगुरतं तसं,
आणि गल्लीच्या टोकापर्यंत न अडखळता गेलं.
यानेथनं जांभळ्या आपीचे दोन पेले आणले.
पैशांवरून थोडी घासाघीस झाली,
ती व्हायचीच.

बासिलिया गेल्यावर
तो दाणा त्याच्या तळहातावरच होता.

वेन्सेसलाओचा फोन येतो दर रविवारी, दुपारी.
मजेत आहे. खोली उबदार आहे. पैसे पाठवतो.
दर रविवारी हेच, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

आज बुधवार.
कालामातही आत्ता पाचच वाजले असणार.
त्यानं नंबर लावला.
बऱ्याच घंट्यांनंतर
घसा बसलेला एक आवाज: "काय झालं?"

"काही नाही," इलारिओन म्हणाला.
"तिकडे गार आहे का रे?"

उत्तर यायला वेळ लागला.