दोन बाजूंचा पलंग

युमाच्या डीलरच्या आवारात
दोन ट्रेलर दाराला दार लावून उभे होते,
जुना एकोणीस फुटी, नवा एकतीस.
मधे दोन पावलांचं डांबर,
आणि दहा वाजताच ते तळव्यांना चिकटायला लागलेलं.

दोन तासांत उरकू, ऑरिन म्हणाला.

निघालं काय काय:
बिडाचा तवा. पाच मग, एकाला कान नाही.
बोइसीच्या दातांच्या डॉक्टरची चिठ्ठी.
नॉर्थ डकोटात गारांनी फोडलेल्या खिडकीचा एक तुकडा,
तो का ठेवला, हे त्यालाही आठवेना.
सिंकखालच्या फळीवर माझं पेन्सिलीतलं अक्षर,
'नळ डावीकडे बंद होतो'.
ती फळी काही नेता येत नाही.

सात वर्षांचा संसार चार कपाटांत मावला.
सात कपाटं उरली.
मी मीठ एकात ठेवलं, मिरी दुसऱ्यात,
ठेवता येतं म्हणून.

एझेकिएल, विकणारा मुलगा,
बटण दाबून भिंत बाहेर सरकवून दाखवत होता,
तिसऱ्यांदा,
आणि दर वेळी स्वतःच चकित होत होता.

जुन्यात कायदा होता: एक उभा राहिला की दुसऱ्यानं बसायचं.
भांडण झालं तर तो पिकअपमध्ये जाऊन बसे, मी न्हाणीत.
न्हाणीत बसून किती वेळ रागावणार?

ओव्हन हिला हवा होता, असं तो सगळ्यांना सांगतो.
मी सांगू देते.

खरं कारण पलंग.
भिंतीकडची बाजू माझी, त्यामुळे रात्री तीनला
मी त्याला ओलांडून उतरायची,
आधी हात, मग गुडघा, मग सॉरी.
तो झोपेतच पाय पोटाशी घ्यायचा.
मग गेल्या हिवाळ्यात ते मशीन आलं,
नाकापासून जमिनीपर्यंत लोंबणारी नळी आली.
ओरेगनमध्ये एका रात्री ती माझ्या घोट्यात अडकून निसटली
आणि उजाडेपर्यंत दोघांनाही कळलं नाही.
त्याच्या ओठांचा तो रंग
मी कुणाला सांगितलेला नाही.
त्यानं चहा घेतला, कागद मागितला,
आणि हिशेब मांडायला बसला.

आता डिझेल भरताना मीटरकडे बघायचं नाही, असं ठरलंय.
आणि जंगलातल्या त्या नदीकाठच्या जागा,
जिथे बावीस फुटांवरच्याला वळायलाच मिळत नाही,
त्या आता दुसऱ्यांच्या.

जुना घेतला मारिसेलानं.
नर्स आहे, तीन-तीन महिन्यांच्या नोकऱ्या, गावोगाव.
मी तिला सगळं दाखवलं: फ्रिजची कडी, गळणारा कोपरा,
उतारावर उघडणारा खण.
ती आमच्या पलंगावर पडली, तिरकी, हात पसरून,
आणि छताकडे बघत म्हणाली,
बाई गं, केवढी जागा!

मी बाहेर आले. डांबरावर उभी राहिले.

पहिली रात्र गावाबाहेर, वाळवंटात.
लांब हायवेवर ट्रक.
मशीनची घरघर इथे वेगळी वाटते,
तिला पोचायला वेळ लागतो.
तीनला जाग आली.
माझ्या बाजूनं पाय खाली टाकले, गालिचा लागला, गार.
कुणालाही न ओलांडता
नऊ पावलं गेले.
इथला नळ उजवीकडे बंद होतो;
अंधारात हात भरपूर भिजला तेव्हा कळलं.

परतले तर चांदणं अंथरुणावर,
आणि ऑरिन गाढ झोपेत,
गुडघे पार छातीशी घेऊन,
मला वाट देत.

मी तशीच उभी होते पलंगाच्या पायथ्याशी.
मग माझ्या बाजूला गेले नाही.
हात टेकला, गुडघा टेकला, नळी उचलून धरली.
सॉरी, म्हणाले.

हं, तो म्हणाला.