पुकारा

साडेआठ वाजता सहकारनगरातल्या आमच्या सोसायटीत
चारही मजल्यांवर एकदम वीज कडाडते.
नायिका परत आली!
गेल्या गुरुवारी वरंधा घाटात गाडीसकट गेलेली,
तिचं तेरावंसुद्धा दाखवलं, मधे जाहिराती घेऊन.
आता दारात उभी, चेहरा नवा, टिकली तीच,
आणि घरातले नऊ जण
तीन-तीनदा मान वळवतात.

"काहीतरीच," ताम्हनेबाई म्हणतात,
मटार सोलायचं मात्र थांबत नाहीत.
"चेहरा बदलला म्हणून उंची कशी वाढेल?"
बेलसरे बँकेतले, त्यांना हिशेब लागतो:
मंगळवारी ऑपरेशन, शुक्रवारी टाका नाही अंगावर,
आणि पैसे कुणी भरले ते दाखवा ना एकदा.
त्यांची सून मोबाइलमधून डोकं वर न काढता,
"बाबा, मग बघता कशाला?"
याचं उत्तर बेलसऱ्यांकडे नाही.
दुसऱ्या दिवशी साडेआठला पाच कमी असताना
चष्मा पुसून तेच आधी बसलेले.

मी गप्प असते.
एकतीस वर्षं शिवाजीनगर कोर्टात
मी लोकांची वाक्यं लिहून घेतली,
शपथेवर बोललेली.
खोटं लिहायला सोपं. पेन्सिल घसरत जाते,
सुरुवात, मध्य, शेवट, सगळं जागच्या जागी.
खरं बोलणारा भलतीकडून सुरू करतो,
म्हशीपासून, नाहीतर मेहुण्याच्या लग्नापासून,
तारीख चुकतो, पाणी मागतो,
आणि समोरचा वकील हसतो:
साहेब, हे पटण्यासारखं आहे का?

नव्वद-एक्याण्णव साल असेल. एप्रिल.
दौंडकडची एक बाई,
नवरा सात वर्षं बेपत्ता.
कायद्यानं आता त्याला मेला म्हणता येत होतं,
तेवढा कागद तिला हवा होता
सात-बाऱ्यावर नाव चढवायला.
पेपरात नोटीस देऊन झालेली.
शिपाई व्हरांड्यात गेला, रीतीप्रमाणे पुकारा केला,
दत्तोबा आबू शितोळे.
दत्तोबा आबू शितोळे.
तिसऱ्यांदा नाव पुरतं झालंही नव्हतं,
जिन्याकडून आवाज आला, "हजर."

वीज कडाडली नाही.
पंखा फिरत होता, त्याचं एक पातं वाकडं, टक, टक.
तो आत आला, बगलेत काळी छत्री,
अकरा नंबरचं कोर्ट हेच का, म्हणाला.
भेळ बांधून दिलेल्या कागदात नोटीस वाचली, म्हणाला.
बाईनं पाहिलं. एकदाच.
मग साहेबांकडे वळून विचारलं,
"भरलेले पैसे परत मिळतात का?"

माझी पेन्सिल थांबली.
साहेब म्हणाले, हे रेकॉर्डवर घेऊ नका.
नाही घेतलं.

काल जाहिराती लागल्यावर हे मी सांगितलं.
ताम्हनेबाईंनी शेंग तशीच धरून ठेवली हातात.
बेलसऱ्यांनी बराच विचार केला.
"भेळेच्या कागदात? छे.
बाकीचं एक वेळ चालेल. हे नाही पटत."
सुनेनं मोबाइल पालथा ठेवला.
"पण पुढं काय झालं, काकू?"

पुढं मला माहीत नाही, बाई.
सुटल्यावर स्टॉपवर दिसले दोघं.
ऊन अजून पांढरं होतं.
त्यानं छत्री उघडली होती, हात लांब करून धरली होती,
आणि ती सावलीच्या बाहेर,
वीतभरच बाहेर,
पदर डोक्यावर घेऊन उभी.
तेवढ्यात माझी पीएमटी आली.
ती चुकली असती तर पुढची तासानं.
मी चढले.

"श्श," बेलसरे म्हणाले, "सुरू झालं."