तिसरं नाव

वणीच्या अलीकडं, जिनिंगच्या धर्मकाट्यावर
सकाळपासून वजन ऑफिसात पोचत नाही.
कापसाच्या सतरा गाड्या. रांग पार नाल्यापर्यंत.
झिंगराजी चौकीदार दारात: "काहून अटकलं बाप्पा?"
मी उंदराला शिव्या घालते, वायर त्यानंच कुरतडली असणार.

सॉकेट उघडते.
कुणाशी बोलायला नाही.
पलीकडं कान लावून कुणी बसलेलं नाही;
फक्त एक फट हवी, जिच्यातून यंत्राच्या गाभ्याला विचारावं:
घरात कोण कोण आहे?

ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्याला
इथं ताक मिळत नाही.
भांडं पुढं करा, वर त्याचं मापही सांगा.
आणि लहान निघालं तर
उरलेली नावं तो गुपचूप गाळून टाकतो,
रागावत नाही, चूक झाली म्हणतही नाही.
म्हणून आधी रिकाम्या हातानं जाते: केवढं आणू?
मग दुसऱ्यांदा, चार नावांची जागा जास्त धरून.

पहिलं नाव एल-ओ.
स्वतःशीच बोलणारा, स्वतःलाच ऐकू येणारा.
गाव बुडालं तरी हा म्हणेल, मी बरा आहे.
दुसरं, ईथ-झिरो.
उठलाय का? उठलाय.
चालतोय का? (हा प्रश्न वेगळा,
झिंगराजीलाही पहाटे वेगळाच विचारावा लागतो.)
चालतोय.
उंदरा, माफ कर.

आणि तिसरं.
हे मी बसवलेलं नाही.
पत्ता कालच्या रात्रीचा, उसना.
पण जन्मखूण पक्की, सहा जोड्यांची, गोंदल्यासारखी.
सारी वजनं याच्याच वाटेनं निघालेली
आणि कुठंच न पोचलेली.

डब्याच्या मागं हात घालते.
नखाएवढा डोंगल, जाळ्याखाली, मिणमिणता.

झिंगराजी चप्पल पाहत उभा.
"पोट्टी सेवाग्रामले नर्सिंगले हाये.
फोनची काच फुटली, तिचं तोंड नाई दिसत.
रातच्याले इथं मोठ्ठं दिसते."
खिशातल्या फोनचा रिचार्ज काल संपला, हे त्यालाही आत्ताच कळतं.

डोंगल मी काढत नाही.
वाटांच्या क्रमात त्याला एक पायरी खाली बसवते.
काटा हलतो. पहिली गाडी: अठरा क्विंटल चाळीस.
सॉकेट मिटते,
ज्याच्यातून कुणाशीच बोलणं झालं नाही.

"मॅडम, नाव काय म्हन्लं त्याचं?"
मी वाचते: झिरो-झिरो, वन-ई, सेव्हन-सी...
तो ओठ हलवत मागोमाग म्हणतो,
चौथ्या जोडीला अडखळतो,
पुन्हा पहिल्यापासून.