अकरा मिनिटं

तक्त्यात लिहिलंय : एक स्वच्छतागृह, अकरा मिनिटं.
एक जिना, सात.
सभागृह, खुर्च्या एकशे बारा, चाळीस.
सल्लागार कंपनीने माझ्या हातात घड्याळ दिलंय,
शाळेच्या शर्यतीत असतं तसं, दोरीवालं,
आणि म्हटलंय, मिसेस कांगस, आपल्या माणसांच्या मागून फिरा.
माझी माणसं म्हणजे झाडून नऊ.

डुलुथच्या जानेवारीत सरोवरावरचा वारा
नगरभवनाचं दार बाहेरून दाबून धरतो,
निघायचं तर दोन्ही हात लागतात.
तरी दिवसभर लोक येतात : पाण्याचं बिल, कुत्र्याचा परवाना,
गाडी बर्फात रुतली होती तरी दंड कसा, हा प्रश्न.
बुटांना चिकटून रस्त्यावरचं मीठ आत येतं
आणि संध्याकाळी संगमरवरावर
कोण कुठल्या खिडकीपाशी किती वेळ ताटकळलं
ते पांढऱ्या रेघांत उमटलेलं असतं.
अब्दिरिसाक ते पुसतो.
ओलं असताना गेल्यासारखं वाटतं मीठ,
सुकलं की परत वर येतं.
म्हणून दोनदा.
तक्त्यात एकदाच आहे.

तिसऱ्या मजल्यावर, महापौरांच्या छतात, पाणी मुरतंय.
मी अलंकारिक बोलत नाहीये.
सहा वर्षांत चौदा पत्रं लिहिली.
वरच्यांनी त्यांना केराची टोपली दाखवली,
आणि ती टोपली रात्री आम्हीच रिकामी केली.
रॉय मॅटिलाने त्यातलं एक पत्र बॉयलरच्या खोलीत चिकटवलंय,
माझ्या सहीवर कॉफीच्या कपाचा गोल.
खाली त्याने पेन्सिलीने लिहिलंय : पोचलं.

मंगळवारी आयलीनच्या मागे होते.
दुसरा मजला, बायकांचं.
कळ दाबली. ती आत गेली आणि लगेच बाहेर आली,
पिवळी पाटी दारात उभी केली
आणि बाहेरचीच फरशी पुसायला लागली.
पुसलेलीच. परत.
मी भुवया उंचावल्या, तिने ओठांवर बोट ठेवलं.
आत नळ वाहत होता,
हात धुताना वाहतो तसा नाही.
रात्रीचे साडेनऊ, अंदाजपत्रकाचे दिवस,
लेखा विभागातलं कुणीतरी.
एकोणिसाव्या मिनिटाला नळ थांबला.
बाई आली, चेहरा ओला, कोटाची बटणं एका काजाने चुकलेली.
तुमची फरशी तुडवली मी, सॉरी, म्हणाली.
फरशीचं काय, सुकते, म्हणाली आयलीन.
मग आतलं काम तिने साडेदहा मिनिटांत उरकलं,
आरशामागची कडासुद्धा.

आता ही चौकट.
एकोणतीस लिहिले तर आयलीन मंद.
अकरा लिहिले तर तक्ता खरा,
आणि तक्ता खरा असला की पाच माणसांत भागतं;
तो हिशेब त्यांनी आधीच करून ठेवलाय,
चार नावं तेवढी माझ्याकडून हवीत.
वीस वर्षं मीही बादली ढकलली आहे.
सारवासारव मला येते.
डागावर खुर्ची कशी सरकवायची, तेही.

पहाटे तीनला रॉयने वाफ चढवली,
भिंतींतले पाइप ठणठणत वर गेले.
नऊही जण जागे, मी दहावी,
खाल्ल्या मिठाला जागावं तसे,
फक्त हे मीठ कुणी खाल्लेलं नव्हतं.
मी लिहिलं : एकोणतीस.
कारणाच्या रकान्यात : फरशी ओली होती.
साफ खोटं नाही ते.
खरंही कितपत, आयलीनला विचारायचं राहिलं.
चार नावांचा कागद कोराच आहे, शुक्रवारपर्यंत.

अब्दिरिसाक मॉप टेकवून उभा होता,
दारापासचं आत्ता करू, की सकाळी?
बाहेर पिवळा दिवा फिरवत मिठाची गाडी येत होती,
चढावर, अगदी हळू.
म्हटलं, ती जाऊ दे आधी.