नळीच्या तोंडाशी

दर मंगळवारी मार्लिस उतार उतरून ओढ्यावर येते.
रबरी बूट, खिशात बाटली, कानात कापसाचे बोळे.
एप्रिल उजाडला तरी आयोवातलं वारं अजून चावतं.

इथे पूर्वी दलदल होती, बदकं होती.
नवऱ्याच्या पणजोबानं जमिनीच्या पोटात
भाजक्या मातीच्या नळ्या पुरल्या, हातभर, हातभर,
आणि पाण्याला बाहेरची वाट दाखवली.
त्या सगळ्या नळ्यांचं एकच तोंड उघडं आहे,
विलोच्या मुळाशी.
बर्फ वितळला की ते बोलू लागतं.

पाणी स्वच्छ दिसतं. हीच त्याची लबाडी.
बाटलीतून पलीकडचा कुंपणाचा खांब दिसतो,
खांबावरचा पक्षीसुद्धा.
मग कागदाची पट्टी बुडवायची, साठ आकडे मोजायचे,
पट्टी हळूहळू कबुली देते.
गेल्या मे महिन्यात तिनं वहीत आकडा लिहिलाच नव्हता.
नुसतं लिहिलं होतं: बीट.

पिकानं जे खाल्लं नाही ते पाण्यानं नेलं.
खाली शहरात नणंदेला बाळ झालं त्या आठवड्यात
तिचा फोन आला: उकळलं तर जातं का गं हे?
नाही, मार्लिस म्हणाली,
उकळलं तर आटतं पाणीच. ते उरतं, घट्ट होतं.
फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही.

त्या नोव्हेंबरात ऑरिननं अमोनियाची टाकी मागवली नाही.
त्याआधी सप्टेंबरात उभ्या मक्यावरून
पिवळं विमान राय पेरत गेलं,
दाणे गाडीच्या टपावर ताशासारखे वाजले,
टोपीच्या काठात साठले.
मका कापला, आणि धसकटांतून हिरवं वर आलं,
बर्फाखाली निजलं, बर्फ सरताच पुन्हा उठलं.
मुळं खाली उतरली, अंधारात,
निसटतं नत्र मुठीत धरत.

लोक बोलले. तुमच्या शेताला दाढी फुटलीय म्हणाले.
अ‍ॅरिझोनातल्या आत्याबाई, चाळीस एकर त्यांच्या नावावर,
फोटो बघून विचारतात: शेत पडीक टाकलंत का?

खत आता जूनमध्ये. मका गुडघ्याला लागला की
लेकराला भरवतात तसं, घासाघासानं.
हे ऑरिन दिवसा सगळ्यांना समजावतो.
रात्री उठून स्वयंपाकघरात उभा राहतो,
दिवा न लावता.
रायनं सगळं खाल्लं आणि मका पिवळा पडला तर?
मार्लिसला पावलं ऐकू येतात. ती कूस बदलत नाही.

आज पट्टी फिकी. ओठाच्या आतल्या बाजूसारखी.
सहा, ती लिहिते. मग सहाखाली रेघ मारते.
निघावं, तर दहा पावलांवर
व्हॅन डर लीस्टांची नळी त्याच ओढ्यात ओततेय,
तितकीच स्वच्छ, तितकीच गोड बोलणारी.
कुंपण ओढ्यापर्यंत येतं. ओढ्यात येत नाही.
तिच्याकडे एक पट्टी उरलीय.

दोन्ही पाणी मिसळतात त्याच्या खाली ती वाकते.
साठ आकडे. बोटं बधिर.

रविवारी चर्चच्या तळघरात, कॉफीच्या वेळी,
ती पट्टी ती टेबलावर ठेवते, साखरेच्या भांड्याशेजारी.
गेरिट व्हॅन डर लीस्ट चष्मा काढतो, पुसतो, लावतो.
कुणाच्या नळीचं?
ओढ्याचं, ती म्हणते,
आणि साखर त्याच्याकडे सरकवते.