हजेरीबुकात गाड्या

उस्ताद म्हणायचे, दोन हजाराला ऑइल बदल.
का, विचारलं की पान्हा पुढं करायचे.
त्यांना त्यांच्या उस्तादांनी सांगितलेलं,
त्यांना कुणी, हे सांगायला
आता कुणी उरलं नव्हतं.

कंपनीचं पुस्तक म्हणतं, पाच हजार.
ते लिहिणाऱ्यानं अक्कलकोट रोड पाहिला नसावा.
इथं साचे चालतात, हवेत कापूस उडतो,
टॉवेलचा, चादरीचा, डोळ्याला न दिसणारा,
आणि एअर फिल्टरवर दुधाच्या सायीसारखा धरतो.
मे महिन्यात तर चव्वेचाळीस डिग्रीत
पान्हासुद्धा फडक्यानं धरावा लागतो.

म्हणून वही केली.
नान्नांचा कारखाना बंद पडला तेव्हा
त्यांनी घरी आणलेलं हजेरीबुक, अर्धं कोरं.
पुढच्या पानांवर बोल्ली, चिलवेरी, कोंगारी,
नावांसमोर ह, ह, ग, ह,
मग एका तारखेपासून कुणासमोरच काही नाही.
त्याच्या मागच्या पानापासून मी गाड्या लिहिल्या.

मैनुद्दीन आणि रज्जाक, सख्खे भाऊ, रिक्षा एकाच दिवशी घेतलेल्या,
दोघांचा रूट अशोक चौक ते स्टेशन.
एकाचं ऑइल दोन हजाराला, दुसऱ्याचं साडेतीनला.
तेरा महिन्यांनी दोन्ही इंजिनं उघडली,
फरक शोधायला चष्मा लागला असता.
मी नाचायचीच बाकी होते.
उस्ताद विडी विझवत म्हणाले,
"भूदेवी, दोन गाड्यांवर काय ठरतं ग?"

राग आला. रात्री जेवताना कळलं, बरोबर बोलले.
मग एक्केचाळीस गाड्या.
डिपस्टिक पुसून बोटात ऑइल चोळायचं,
किलोमीटर लिहायचे, चेन मोजायची, फिल्टर उन्हात धरायचा.
लोक हसायचे, "डॉक्टरीण झालीस की काय ओ?"

तिसऱ्या वर्षी गोळाबेरीज केली, सगळं छान.
फार छान.
तेव्हा नान्नांची पानं उलटून बघितली
आणि ग दिसला.
माझ्या वहीत फक्त आलेल्या गाड्या होत्या.
न आलेल्या चार.

शोधायला निघाले.
एक विकली गेली होती तुळजापूर नाक्यावर.
एक दुसऱ्या गॅरेजला जात होती, माझं तोंड फार चालतं म्हणे.
एकीचा पत्ताच लागला नाही.
चौथी शेळगीत, पोत्याखाली झाकलेली,
आणि शेजारी खाटेवर सिद्राम हळकुडे, पायात सळई.
मीच सांगितलं होतं, पॅड अजून तीन हजार चालतील.
वहीची सरासरी तसंच म्हणत होती.
पण तो मागं चादरींचे गठ्ठे बांधून फिरायचा,
माझ्याकडं किलोमीटरचा रकाना होता,
ओझ्याचा नव्हता.
सरासरी माझी होती. पाय त्याचा.

तो काही बोलला नाही.
त्याच्या बायकोनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढं ठेवली,
मला गिळता येईना, आणि नको म्हणता येईना.

आता शटरवर पाटी आहे.
ऑइल : रिक्षा, आपल्या गावात, साडेतीन हजार. घाई नको.
फिल्टर : साच्यांच्या गल्लीत राहत असाल तर दर महिन्याला झटका.
ब्रेक : इथं सरासरी धरत नाही,
सगळ्यात आधी ज्याचा झिजला, त्याच्यावर धरतो.
चेनबद्दल : अजून माहीत नाही.
शेवटच्या ओळीवर पेंटर अडला होता,
"असं कुणी लिहितं का बे पाटीवर?"
त्याचे वीस रुपये जास्त दिले.

उस्तादांनी दोनदा वाचली.
काही न बोलता स्वतःच्या स्कूटरचं झाकण काढलं.

श्रावणात सिद्राम आला, भाचा गाडी ढकलत,
तो मागून, काठी टेकत.
मी पॅड काढला, मोजला, सांगितला.
"बघू," म्हणाला,
माझ्या हातातलं कॅलिपर घेतलं
आणि पुन्हा मोजला.